आतून कडी

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. इस्माईल नाखवा बायकोला घेऊन परळला आला. खांद्यावर सुतळीने बांधलेली दोन अंथरुणं, हातात एक्स-रेची मोठी पिवळी पाकिटं आणि मागे मैमुना. चाळीचे तीन जिने चढताना ती प्रत्येक वळणावर कठड्याला धरून उभी राहत होती. डाव्या स्तनाचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. आता तीन-तीन आठवड्यांनी सहा वेळा केमोचं सलाईन घ्यायचं होतं, मध्येमध्ये रक्त तपासायचं होतं. विजयदुर्गच्या खाडीकाठच्या गावातून दर वेळी येणं-जाणं तिच्याच्याने होणारं नव्हतं. हॉस्पिटलजवळच्या धर्मशाळेची यादी लांब होती, आणि यादीत नाव येईपर्यंत लोक समोरच्या फुटपाथवर प्लास्टिक अंथरून राहत होते.

गणपत राऊळ त्याच गावचा. त्याच्या आणि नाखव्यांच्या परसात मधे नुसती एक गडग्याची भिंत. कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहण्यासाठी तो मुंबईला आला त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली होती. गिरणी बंद पडली, मग त्याने वॉचमनकी केली, आणि गुडघे गेल्यावर तो घरी बसला. इस्माईलने फोनवर नुसतं विचारलं होतं, की ओळखीत कुठे जागा मिळेल का. गणपतने त्याला पुढे बोलूच दिलं नाही. आमचं घर असताना जागा कसली शोधतोस, म्हणाला.

घर म्हणजे दहा बाय बाराची खोली. एका कोपऱ्यात ओटा, त्याला लागून कमरेएवढ्या भिंतीची मोरी, मोरीला प्लास्टिकचा पडदा. एक खिडकी, तिच्याखाली लोखंडी खाट, एक कपाट. बाहेर सगळ्यांची मिळून गॅलरी आणि तिच्या टोकाला संडास. खाटेवर गणपत झोपायचा, खाली त्याची बायको रमाबाई. कपाटाच्या बाजूला मुलगा हितेंद्र, सून वैशाली आणि दोघांच्या मधे नऊ वर्षांची ओवी.

पहिल्या दिवशी चहा झाल्यावर इस्माईलने गणपतला गॅलरीत नेलं आणि कठड्यावर हात ठेवून, खाली रस्त्याकडे बघत, बोलायला सुरुवात केली. त्याला ते फार जड जात होतं. म्हणाला, काका, तुमचे उपकार आहेतच, पण एक अडचण आहे. आमच्यात परका पुरुष असलेल्या खोलीत बाई निजत नाही. आणि घरात तुमची सून आहे, तेव्हा मीसुद्धा आत झोपणं बरोबर नाही. बायका आत आणि आपण पुरुष गॅलरीत, असं चालेल का? आणि पहाटे, दुपारच्या विश्रांतीला आणि रात्री, अशा तीन वेळा घरच्या माणसानेही हाक देऊन आत यायचं, असं आमच्या धर्मात सांगितलेलं आहे. तेवढं झालं तर तिला मोकळं वाटेल. नाही जमलं तर आम्ही फुटपाथवर राहू, राग नाही.

गणपतने मान हलवली. पण रात्री अंथरूण काखेत घेऊन उंबरठा ओलांडताना त्याचा चेहरा उतरला होता. त्या खोलीबाहेर तो कधी झोपला नव्हता. शेजारच्या लवूने विचारलंच, काय काका, घरातून काढलं का? लवूची बायकापोरं गावाला होती, तो एकटाच राहायचा आणि त्याला चेष्टेची सवय होती. गणपतने अंथरूण पसरलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

आत रमाबाईने खाट मैमुनाला दिली. मैमुना नको नको म्हणत होती, पण रमाबाईने तिला दंडाला धरून बसवलं. मग हवा गार आहे म्हणून आपली मोठी गोधडी काढली आणि म्हणाली, मी खाटेला लागूनच खाली निजते, ही दोघींना पुरेल, अर्धी खाली सोडते. मैमुना म्हणाली, माझी चादर आहे काकी, वेगळीच बरी. रमाबाईने गोधडी उचलली, घडी घातली आणि कपाटात ठेवून दिली. तिला वाटलं, आपल्या घरातलं पांघरूण हिला चालत नाही. दिवा मालवेपर्यंत तिने खाटेकडे पाहिलं नाही.

हे मैमुनाला कळलं. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना तिने आपणहून विषय काढला. दोन बायकांनीसुद्धा एका पांघरुणात निजू नये अशी आमची रीत आहे, म्हणाली. सख्ख्या बहिणी आम्ही तिघी, दहा वर्षांच्या झालो तशी आईने तिघींची अंथरुणं वेगळी केली. घरात एकच चादर धड होती, ती फाडून तिचे तीन तुकडे केले. रमाबाई हसली. त्या रात्री तिने गोधडी पुन्हा काढली, चौघडी करून मैमुनाच्या पायाशी ठेवली आणि म्हणाली, ही आता तुझी एकटीची.

ओवीला या सगळ्याची मोठी गंमत वाटायची. मैमुना निजण्याआधी हातपाय-तोंड धुऊन यायची, ओढणीच्या टोकाने अंथरूण तीनदा झटकायची, मग उजव्या कुशीवर व्हायची. ओवीही झटकू लागली. एके दिवशी तिने आपली चटई ओढून कपाटापासून दूर, ओट्याखाली अंथरली आणि आईला सांगितलं, मला आता दहावं लागणार आहे, मी वेगळी झोपणार.

वैशाली पहाटे साडेपाचला बाहेर पडायची. लोअर परळला एका पोळी-भाजी केंद्रात ती पोळ्या लाटायची. सहा बायका, दोन मोठे तवे. ऑफिसांच्या डब्यांसाठी एक वाजेपर्यंत पोळ्या चालू. घरी येईपर्यंत दीड वाजायचा. खांदे भरून आलेले असायचे, मानेच्या घामात पीठ बसून त्याची पुटं धरलेली असायची. अंघोळ केल्याशिवाय तिला जेवण जायचं नाही. आणि ती अंघोळ म्हणजे दहा वर्षांची कसरत होती. खाटेवर सासरा पेपर वाचत बसलेला, दार सताड उघडं, गॅलरीतून माणसांची ये-जा. चाळीत दिवसा दार लावून घेतलं तर आत काय चाललंय असं लोक विचारतात. ती मोरीत पडद्याआड उकिडवी बसून अंग धुवायची आणि तिथेच, ओल्या फरशीवर, ओल्या अंगावर परकर चढवायची. पाठ पुसायला हात मागे न्यावा तर कोपराने पडदा सरकायचा. म्हणून ती पाठ पुसायचीच नाही. नाडीच्या जागी कमरेभोवती तिला कायमची खाज होती. डॉक्टर दर वेळी ट्यूब लिहून द्यायचे आणि सांगायचे, कोरडं ठेवा. ती हो म्हणायची.

मैमुना आल्यानंतरचा तिसरा की चौथा दिवस. गणपत इस्माईलबरोबर हॉस्पिटलात कागद घ्यायला गेला होता. वैशाली आली, तिने टॉवेल घेतला, पडदा ओढला. तेवढ्यात मैमुना खाटेवरून उठली. भिंतीला धरत दारापर्यंत गेली, दार लावलं आणि आतून कडी घातली. मग परत खाटेवर येऊन भिंतीकडे तोंड करून निजली. रमाबाई तांदूळ निवडत होती, तिनेही पाठ फिरवून घेतली.

"निवांत कर गं," मैमुना भिंतीकडे बघतच म्हणाली. "हाक मारल्याशिवाय आता कोणी येत नाही."

वैशाली अंघोळ करून परकरावर बाहेर आली. कोरड्या फरशीवर उभी राहिली. वर पंखा चालू होता. तिने टॉवेल दोन्ही हातांत धरून पाठीमागे नेला आणि पाठ पुसली, मान पुसली, कंबर पुसली. घाई करायची सवय होती म्हणून ब्लाउज उचलला आणि परत खाली ठेवला. पंख्याचा वारा पाठीला लागत होता. ती तशीच थोडा वेळ उभी राहिली. पुढे रोजच तसं होऊ लागलं. नाताळच्या सुमारास कमरेवरचा लाल पट्टा फिका होत होत गेला. ट्यूब कपाटात अर्धी राहिली.

दुसऱ्या केमोच्या आधीच मैमुनाचे केस जायला लागले. सकाळी उशीवर पुंजके पडलेले असायचे, ती ते कोणी उठायच्या आत गोळा करून कागदात बांधायची. मग तर कंगव्यालाच सगळे यायला लागले. एका दुपारी कडी लावून तिने रमाबाईला सांगितलं, उरलेले काढून टाका. रमाबाईने हितेंद्रची कात्री आणि ब्लेड घेतलं. मैमुनाने मान स्थिर धरली. हे आपल्याशिवाय कोणाला माहीत नको, एवढंच तिने सांगितलं. इस्माईललाही तिने काही दिवस दाखवलं नाही. डोक्याला रुमाल, त्यावर ओढणी. औषधाने अंगात आग व्हायची, डोक्यावर पुरळ उठलं होतं, तरी पुरुषाचा आवाज गॅलरीत आला की ती ओढणी कपाळापर्यंत ओढून घ्यायची. उघडं बसायला तिला दुपारचे ते दोन तास मिळायचे, कडीच्या आत.

या दोन तासांचा गणपतला मनातून जाच होत होता. रात्रीची गोष्ट वेगळी, पण भरदुपारी तो स्टुलावर गॅलरीत बसायचा आणि येणारा-जाणारा विचारायचा, काका बाहेर का? इस्माईल तरी दुपारी जवळच्या मशिदीत नमाजाला जायचा, तिथेच टेकायचा. हितेंद्र लिफ्टच्या मेंटेनन्सला, संध्याकाळी यायचा. गणपतला जायला जागा नव्हती. जानेवारीत पहाटेचा गारवा वाढला, त्याला खोकला झाला. हितेंद्रने गॅलरीच्या कठड्याला ताडपत्री बांधली, तरी खालून वारा यायचा. वैशाली काढा करून द्यायची, तो घ्यायचा आणि कप जरा जोरातच खाली ठेवायचा.

चौथा डोस होऊन आठवडा झाला होता. त्या दुपारी रमाबाई रेशनच्या दुकानात गेली आणि जाताना दार नुसतं ओढून गेली. वैशाली मोरीत होती, मैमुना खाटेवर. दोघींनाही वाटलं, दुसरीने आतून कडी घातलीय. गणपतला चष्मा हवा होता. त्याने हाक मारली नाही. दार ढकललं आणि आत आला.

मैमुना रुमाल मांडीवर ठेवून बसली होती. संपूर्ण बोडकं डोकं, त्यावर लाल पुटकुळ्या, भुवयाही गेलेल्या. तिने पायाशी असलेली गोधडी ओढली आणि डोक्यावरून घेऊन तिच्यात ती सबंध दिसेनाशी झाली. पडद्याआड वैशाली पाण्याचा मग हातात धरून तशीच थांबली. गणपत मागे वळला नाही. तो खोली ओलांडून फळीपर्यंत गेला, चष्मा घेतला, डोळ्यांवर लावला, आणि मग बाहेर गेला. दार उघडंच राहिलं.

संध्याकाळी मैमुना जेवली नाही. रविवारी सकाळी तिने इस्माईलला आत बोलावून घेतलं आणि सामान बांधायला सांगितलं. इस्माईलने फाइल काढून दाखवली, दोन डोस राहिले आहेत, अर्ध्यावर सोडलं तर आधीचं सगळं फुकट जाईल असं डॉक्टरांनी बजावलंय. ती ऐकेना. ती चिडलेली नव्हती, हेच अवघड होतं. म्हणत होती, काकांचं काय चुकलं? त्यांचं घर आहे. म्हातारा माणूस माझ्यामुळे थंडीत खोकत पडतो, स्वतःच्या दारात स्टुलावर बसतो. किती दिवस करतील कोणी? आपण होऊन निघालेलं बरं. इस्माईल सुतळी हातात घेऊन नुसता उभा राहिला. हितेंद्र दारात होता. त्याच्यामागे, भिंतीला टेकून, स्टुलावर गणपत. त्याला आतलं सगळं ऐकू येत होतं.

रविवारी पोळी-भाजी केंद्र बंद असे. वैशाली ओट्याशी कणीक मळत होती. सासऱ्यासमोर ती कामापुरतं बोलायची. दहा वर्षांत तिने त्या घरात आवाज चढवला नव्हता, आणि आत्ताही चढवला नाही.

"तुम्ही जाऊ नका, भाभी," ती म्हणाली. "तुम्ही गेलात की दुपारचं हे दार परत उघडं राहील."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती परातीकडेच बघत होती.

"मी दहा वर्षं ओल्या अंगावर कपडे घालतेय, त्या मोरीत बसून. कमरेला खाज होती, ती तुम्ही आल्यावर गेली. या घरात कोणी वाईट नाही. कोणी माझ्याकडे वाकडं बघितलं नाही. पण हाक मारून आत यायचं असतं, हे कोणाच्या डोक्यातच नाही आलं. आणि मला सांगता नाही आलं. काय सांगणार होते?"

कणकेवर तिच्या मुठी थांबल्या होत्या. हितेंद्रने मान खाली घातली. तो तिच्या शेजारी इतकी वर्षं झोपत होता आणि ती ट्यूब त्यानेच तीन-चारदा आणून दिली होती.

रमाबाई खाटेच्या पायाशी बसली होती. तिने पदर सारखा केला आणि हळूच म्हणाली, "माजी पन्नास झाली."

बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज आला. हितेंद्रने वळून पाहिलं तर गणपत जिन्याकडे चालला होता, एका हाताने कठडा धरून. त्याने थांबवलं नाही.

गणपत खाली उतरला आणि चाळीच्या मैदानाच्या कडेला बंद दुकानाच्या पायरीवर बसला. त्याला आधी राग आला, मग तो कोणावर धरायचा ते कळेना. सुनेने आरोप केला असता तर उत्तर देता आलं असतं. पण रमाबाईचे ते तीन शब्द. लग्न करून आणली तेव्हा त्या खोलीत त्याचे दोन भाऊ आणि भाडं वाटून घेणारे गावचे चार गाळेकरी राहत होते. ती कुठे अंग धुवायची, कुठे लुगडं बदलायची, त्याने कधी विचार केला नव्हता. लवू दूध घेऊन येताना दिसला. गणपतने त्याला हाक मारली आणि सरळ विचारलं, महिना-दीड महिना तुझ्या खोलीत निजलो तर चालेल का? लवू म्हणाला, मी वाट बघत होतो तुम्ही विचाराल याची, एवढा खोकत का पडला होतात? दुपारचंही तिथेच पडा, किल्ली घ्या. गणपतला हे दोन महिन्यांपूर्वी विचारता आलं असतं. शेजाऱ्याकडे जागा मागायला तोंड होईना, एवढंच कारण होतं.

तो वर आला तेव्हा दार उघडं होतं, आतली माणसं दिसत होती. तरी तो उंबरठ्याच्या अलीकडे थांबला, तोंड गॅलरीकडे केलं आणि म्हणाला,

"मी गणपत. येव काय आत?"

स्वतःच्या घराच्या दारात त्याने हे आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.  मैमुनाने ओढणी सारखी केली, तेव्हा रमाबाई म्हणाली, येवा.

तो आत आला आणि खाली चटईवर बसला. मैमुनाकडे न बघता, चटईच्या काड्यांवरून बोट फिरवत बोलला.

"चेडवा, त्या दिवशी चष्मो नव्हतो म्हणान काय दिसला नाय, असा सांगूचा ठरवला होता मी. पण माका दिसला. दिसल्यावर मी मागे फिरूक होया होता. मी माज्या घरात आसंय म्हणान फिरलंय नाय. ती माजी चूक." तो खोकला, मग पुढे म्हणाला, "दोन डोस रवलेत. ते घे. बरी हो. मगे जा."

मैमुना रडली. इस्माईलने सुतळीची गाठ सोडली आणि अंथरूण परत भिंतीला लावलं. वैशालीने पोळ्या करायला घेतल्या. गणपतने त्या दिवशी तिच्याशी काही बोलणं काढलं नाही आणि तिनेही अपेक्षा केली नाही. जेवताना एवढंच झालं की तिने वाढलेली पोळी त्याने घेतली आणि एरवी कधी म्हणत नसे ते म्हणाला, पुरे, आता तूही बसून घे.

पाचवा डोस मैमुनाला फार लागला. तोंडात फोड आले, चार दिवस ती ताकावर होती. रमाबाई तिचे पाय चेपायची, वैशाली केंद्रावरून आल्यावर तिचं अंग पुसायची. आता कोणाचं अंग कोणी पुसायचं यात लाज उरली नव्हती, कारण बाहेर कोणी ना कोणी राखणीला असायचं आणि बहुतेक वेळा तो गणपतच असायचा. लवूच्या दारातून तो गॅलरीतल्या माणसांना सांगायचा, आत बायका हत, मगे येवा. पहिल्या दिवशी लोक हसले. नंतर समोरच्या दोन खोल्यांतही दुपारी दारं लागायला लागली. मैमुना नमाजात रोज सगळ्यांची नावं घेते, असं ओवीने शाळेतून आल्यावर आजोबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, माझंपण? ओवी म्हणाली, तुमचं पहिलं.

सहावा डोस झाला, तपासण्या झाल्या. आता तीन महिन्यांनी या, डॉक्टर म्हणाले. रमजान सुरू व्हायला चार दिवस होते, मैमुनाला रोजे धरता येणार नव्हते, पण घरी असणार होती. निघायच्या सकाळी इस्माईल गणपतसमोर उभा राहिला. त्याने गणपतचे दोन्ही हात धरून आपल्या डोळ्यांना लावले. आत बायकांचा निरोप बराच वेळ चालला. वैशालीने काहीतरी बोलायचं ठरवलं होतं, केंद्रावर पोळ्या लाटताना दोन दिवस मनात जुळवलं होतं. ऐनवेळी ती मैमुनाच्या पाया पडायला वाकली, मैमुनाने तिला मधेच उचललं आणि छातीशी धरलं, ऑपरेशन झालेल्या बाजूनेच.

"दुखेल भाभी," वैशाली म्हणाली.

"दुखूदे," मैमुना म्हणाली. "तू त्या दिवशी बोलली नसतीस तर मी आता खाडीवर असते, कबरीत."

हितेंद्र त्यांना गाडीत बसवून आला.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर खोली एकदम मोठी वाटायला लागली. रमाबाईने खाटेवरची चादर बदलली आणि गणपतची उशी लवूकडून परत आणून ठेवली. हितेंद्रने गॅलरीतलं अंथरूण आत आणलं. ओवीने तर आपली चटई ओट्याखाली अंथरलीसुद्धा. आता सगळं पूर्वीसारखं लावायचं, असं गृहीत धरून वैशाली कपाटाच्या बाजूची जागा झाडायला लागली. ती जागा दाराच्या आणि मोरीच्या मधली, लग्न झाल्यापासून तिचीच. पहाटे पाण्याला उठणाऱ्यांच्या बादल्या तिच्या डोक्याशी वाजायच्या.

गणपत खाटेवर बसला नव्हता. खोलीच्या मधोमध उभा राहून तो एकेक कोपरा बघत होता. मग वैशालीकडे वळला.

"वैशाली," तो म्हणाला, "तुका खय निजाक बरां वाटात?"

केरसुणी तिच्या हातात तशीच राहिली. तिला प्रश्न कळला नाही असं वाटून त्याने पुन्हा विचारलं, तुला कुठे बरं वाटेल, ते तू सांग, मग आम्ही आमचं बघू. प्रश्न तिला कळला होता. पण माहेरी चार बहिणींत जिथे जागा उरेल तिथे आणि इथे दाखवतील तिथे, एवढंच तिला माहीत होतं. तिने खोलीकडे पाहिलं. दहा बाय बारा. तिने एक एक जागा मनात धरून पाहिली, जशी ती भाजी घेताना हातात धरून पाहायची. सगळे थांबले होते, कोणाला घाई नव्हती.

"खिडकीखाली," ती शेवटी म्हणाली.

खिडकीखाली खाट होती. गणपतने एका बाजूने धरली, हितेंद्रने दुसऱ्या, आणि दोघांनी ती उचलली.